दगड ‘फेल’ झाला

22 मे 2012 च्या दुपारी मोठा आवाज झाला आणि आमच्या काटोलच्या आसपास आकाशातून दगड पडले. उल्कापातांच्या जागतिक यादीत आता ‘काटोल’ हे नाव आहे. त्यामुळे इंग्रजीच्या तासाला ‘आपल्या गावाबद्दल पाच वाक्यं सांगा’ म्हटलं, की संत्र्यांच्या जोडीला तो दगड हमखास येतो. असाच सहावीतला एक जण उभा राहिला आणि म्हणाला, “स्टोन फॉल्ड फ्रॉम स्काय.” मी तिथल्या तिथे म्हटलं, “फेल.” मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, दगड कसा काय फेल झाला?” वर्ग हसला, पोरगं खाली बसलं. उरलेली चार वाक्यं त्याच्या पोटातच राहिली. माझी दुरुस्ती बरोबर होती, पण ती ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

गैरसमज : चूक लगेच सुधारली नाही, तर ती कायमची बसते.

हा समज आम्हाला आमच्या मास्तरांकडून मिळाला आणि त्यांना त्यांच्या काळाकडून. भाषा म्हणजे सवय आणि चूक म्हणजे वाईट सवय, असं तेव्हा मानत. म्हणून एकच वाक्य पन्नास वेळा म्हणवून घ्यायचं. एडिंबरा विद्यापीठातल्या पिट कॉर्डर यांनी 1967 साली एक निबंध लिहून हे चित्र पालटलं. बोलता बोलता जीभ घसरणं वेगळं आणि डोक्यात नियमच निराळा असणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. पहिली चूक मूल स्वतःच सुधारतं. दुसरी चूक मात्र शिक्षकाला सांगते, की पोरगं आत्ता कुठवर पोचलंय.

‘फॉल्ड’ हा शब्द मी कधी शिकवला नव्हता, पुस्तकातही नव्हता. म्हणजे त्याने तो ऐकून उचललेला नाही. भूतकाळाला ‘ईडी’ लागतो हा नियम त्याने स्वतः लावून पाहिला. इंग्रजी ज्यांची मायबोली, ती तीन-चार वर्षांची पोरंही ‘गो’ला ‘ईडी’ लावून ‘गोड’ म्हणतात (आपला लाडवाचा नव्हे). गंमत म्हणजे त्याआधी काही दिवस तीच पोरं ‘वेंट’ बरोबर म्हणत असतात. नियम कळला, म्हणून चुकू लागली!

काही चुका मोठेपणीही जात नाहीत, हे खरं. लॅरी सेलिंकर यांनी 1972 साली त्यावर लिहिलं. पण एखाद्या मंगळवारी सर गप्प बसले, म्हणून तसं होत नाही.

गैरसमज : सगळ्या चुका मराठीतूनच येतात.

काही येतात, आणि त्या ओळखायला मजा येते. आमच्याकडे पोरगं म्हणतं, “सर, मले समजून नाही राहिलं.” तेच इंग्रजीत उतरतं, “आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.” हे वाक्य देशभर ऐकू येतं म्हणा, पण वऱ्हाडी-नागपुरी पोराला त्यात चूक वाटायचं कारणच नाही. घरी सगळंच ‘करून राहिलो, जाऊन राहिलो, समजून राहिलं’ असतं. त्याला नुसतं ‘चूक’ म्हणण्यापेक्षा दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत. दोन मिनिटांत त्याच्या लक्षात येतं, की आपलं ‘राहिलं’ जिथं तिथं चालतं, इंग्रजीचं ‘इंग’ नाही चालत.

याहून घातक चूक दुसरीच आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘मामा म्हणाले की मी उद्या येतो.’ येणार मामाच. मुलगी लिहिते, “मामा सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो.” आता इंग्रजीत येणारी ती मुलगी झाली! ‘द’ गळला तर मामा काही चुकत नाहीत, इथे मात्र स्टेशनवर घ्यायला भलत्याच माणसाला जावं लागेल. आधी काय सुधारायचं, याचा माझा ठोकताळा एवढाच : अर्थ फिरला का?

आता ‘ही गो टु स्कूल’. यात ‘गो’पुढचा ‘एस’ गळलाय. तो आपण लवकर शिकवतो आणि वर्षानुवर्षं लाल करतो. पण दुले आणि बर्ट या संशोधकांनी 1974 साली स्पॅनिश आणि चिनी घरांतली, इंग्रजी शिकणारी मुलं पाहिली. दोन्हीकडे ‘इंग’ लवकर पक्कं झालं आणि हा ‘एस’ फार उशिरा. तिथे मराठीचा काय संबंध? महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी सहावीत ‘एस’ निसटतो. यात बाईंचा किंवा मायबोलीचा दोष शोधू नये.

गैरसमज : आपण बरोबर रूप म्हणून दाखवलं, की मूल ते उचलतं.

मी ‘फेल’ म्हटलं, तसंच. कॅनडात माँट्रिअलजवळच्या फ्रेंच वर्गांत रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी हे मोजलं, 1997 साली. शिक्षकांच्या प्रतिसादांपैकी 55 टक्के असे, की चुकलेलं वाक्य शिक्षकच सुधारून म्हणतो. त्यावर मुलांनी काही तरी प्रतिसाद दिला, तो फक्त 31 टक्के वेळा. बाकीच्यांना बहुधा वाटलं, सर नुसतं ‘हो’ म्हणाले. याउलट शिक्षकाने वाक्य अर्ध्यावर सोडून ‘पुढे?’ असं विचारलं, तेव्हा प्रत्येक वेळी मूल बोललं. सगळेच बरोबर बोलले असं नाही, पण डोकं चाललं.

गैरसमज : वही जितकी लाल, तितकी तपासणी चांगली.

पालकसभेत हे फार चालतं. साठ वह्या आणि वहीमागे दहा चुका, म्हणजे सहाशे खुणा. मूल बघतं फक्त खालचे गुण. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 साली लिहिलं, की लेखनातल्या व्याकरणाच्या दुरुस्त्या सोडूनच द्या. डेना फेरिस यांनी 1999 साली उत्तर दिलं, की निवडक आणि मुलाला कळतील अशा दुरुस्त्या उपयोगी पडतात. वाद पुढेही चालला. मी फेरिसबाईंच्या बाजूने आहे. एका निबंधात एकाच जातीची चूक धरतो, खाली रेघ ओढतो, उत्तर लिहीत नाही.

आणि ‘दुरुस्त केलं की मन मोडतं, म्हणून काही बोलूच नका’ हा नवा सल्लाही मला पटत नाही. वाक्य संपलं रे संपलं, की पोरं स्वतःच विचारतात, “बरोबर हाये ना, सर?”

पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला मी पाचही वाक्यं बोलू दिली. मध्ये पुन्हा ‘फॉल्ड’ आलं, मी कागदावर टिपून ठेवलं. शेवटी कोणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहिलं, ‘द स्टोन ... फ्रॉम द स्काय’, आणि खडू पुढे केला. तो स्वतःच उठला. रिकाम्या जागी एफ, ई, एल, एल लिहिलं, मागे वळला आणि शेवटच्या बाकाकडे बघून म्हणाला, “पास नाही झाला ना बे, फेलच झाला!”