मोबाईल हाती आला, मुभा मिळाली का?

नवे तंत्र आले की धंदा वाढतो, असे सर्रास बोलले जाते. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे. ते तंत्र वापरायची मुभा छोट्या माणसाला आहे की नाही, यावर पुढचे सारे ठरते. आफ्रिकेतील दोन देशांकडे पाहिले की हे लक्षात येते.

केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या टेलिफोन कंपनीने ‘एम-पेसा’ सुरू केले. स्वाहिली भाषेतील ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. नाक्यावरच्या दुकानदाराकडे रोकड भरायची आणि मोबाईलवरून दूरच्या गावी पाठवायची. बँकेत खाते नसले तरी चालते. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने नव्या कायद्याची वाट पाहिली नाही. लोकांची रक्कम विश्वस्तांमार्फत बँकेत वेगळी ठेवण्याची व्यवस्था पाहून तिने हरकत नसल्याचे कळवले. तवनीत सूरी व विल्यम जॅक या अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, या सोयीमुळे सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया व्यापार-दुकानदारीकडे वळल्या.

नायजेरियातही मोबाईल घरोघरी पोहोचले होते. पण तेथील २००९ च्या नियमांनी हे काम बँका व इतर परवानाधारकांकडे ठेवले. टेलिफोन कंपन्यांना पुढाकार घेऊ दिला नाही. २०१८ मध्ये दार किलकिले झाले आणि दोन बड्या टेलिफोन कंपन्यांना अंतिम परवाना मिळायला २०२२ उजाडले. मधल्या काळात मोबाईलवरचा पैशाचा व्यवहार केनियाच्या मानाने फारच संथ वाढला. मोबाईल तोच, नियम वेगळा.

मुभा म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. केनियात लोकांची रक्कम सुरक्षित राहिली, म्हणूनच भरवसा बसला.

आपल्याकडेही असाच एक नियम बदलला आहे. पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणीच्या मर्यादेत (महाराष्ट्रात बहुतेक मालासाठी वर्षाला ४० लाख रुपये) उलाढाल असणाऱ्याला राज्यातल्या राज्यात विक्रीसाठी ती सक्ती उरलेली नाही. पॅन कार्डावर जीएसटीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

हुनर आपल्या कारागिरांकडे आहे, मोबाईलही आहे. आता मिळालेल्या सवलतीची माहिती करून घ्यावी, आपल्या कर सल्लागाराला विचारावे आणि पहिले पाऊल टाकावे, एवढेच आमचे सांगणे आहे.