‘एक बार माका काढूक दी!’

घरात शेतीसंरक्षणाची बंदूक असली की सुट्टीला आलेल्या मित्राचा हा हट्ट ठरलेला. तो पुरवावा का? आणि नेमबाजीची हौस रीतसर भागवायची तर कुठे?

फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातलं सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. घाट चढून गेलं की दाजीपूर, म्हणजेच गव्यांसाठी प्रसिद्ध असलेलं राधानगरी अभयारण्य. जंगल इतकं लगत असल्यावर केळी, नारळ, काजू आणि भातशेतीत माकडं, रानडुकरं उतरणारच. म्हणून या पट्ट्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक नवलाची नाही; कुठे ठासणीची, कुठे काडतुसाची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि आचारसंहिता उठली की परत आणायची, हेही अंगवळणी पडलेलं.

मे महिन्यात, गणपतीत चाकरमानी मित्र घरी येतो. जेवणं होतात, गप्पा रंगतात आणि विषय बंदुकीवर येतो. बागेत जाऊन एखाद्या डब्यावर नेम धरायचा, एवढीच त्याची इच्छा असते. त्या इच्छेत वाईट काही नाही. पण बंदूक त्याच्या हाती देणं मात्र चूक आहे आणि बेकायदाही.

परवाना कुणाचा?

शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या कलम ३नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो. परवाना नसलेल्या माणसाला या कलमात एक मर्यादित सवलत आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारानं तो बंदूक वाहून नेऊ शकतो, पण कशासाठी? दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकानं स्वतः वापरण्यासाठी. म्हणजे मित्रानं तुमची बंदूक खांद्यावरून बागेपर्यंत आणली तर चालेल, चाप मात्र तुम्हीच ओढायचा. ‘मी शेजारीच उभा होतो’ हा बचाव इथे टिकत नाही.

शिवाय परवान्यावर कारण लिहिलेलं असतं. कलम १३मध्ये ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी म्हणून आला आहे. पिकासाठी दिलेल्या विश्वासावर पाहुण्याची करमणूक करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं आनंदाच्या भरात, इतरांचा जीव धोक्यात घालून केलेल्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंतची कैद, एक लाखापर्यंतचा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी बागेतला बार धोक्याचाच. काडतुसातून शेकडो छर्रे सुटतात आणि अगदी बारीक छर्रेही दोनशे मीटरच्या आसपास जाऊ शकतात. काजूच्या झाडीपलीकडे कोण बोंडं गोळा करतंय, हे बार काढणाऱ्याला दिसत नाही. हीच हौस पुढे रात्रीच्या शिकारीकडे वळते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तरी अंधारात सोबत्यालाच जनावर समजून गोळी घातल्याच्या बातम्या कोकणानं वाचल्या आहेत.

तबकडीवरचा नेम

बंदुकीचा बार काढण्यातली खरी मजा जिथे सुरक्षितपणे मिळते, तो खेळ म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्यांवरची नेमबाजी. पूर्वी युरोपात यासाठी जिवंत कबुतरं पेटीतून सोडत. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तशी स्पर्धा झाली. त्याआधीच, १८८०च्या सुमारास, अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्की यानं मातीची तबकडी आणली होती. आजच्या तबकडीत माती नसते. डांबरासारखी राळ आणि खडूची भुकटी यांची ती बनते. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. हातात घेतली तर बशीएवढी हलकी, जमिनीवर पडली तर तडकणारी, आणि छर्रे नीट बसले तर हवेतच भुकटी होणारी.

ऑलिंपिकच्या ट्रॅप प्रकारात नेमबाज उभा असतो, त्याच्यापुढे १५ मीटरवर खंदकात यंत्रं असतात. त्यानं हाक दिली की तबकडी सुटते आणि ७६ मीटरपर्यंत जाते. कुठल्या कोनात जाईल, हे त्याला आधी ठाऊक नसतं. एका फेरीत अशा २५ तबकड्या. स्थिर निशाण्यासारखा डोळा मिटून नेम धरत बसायला इथे वेळच नसतो. दोन्ही डोळे तबकडीवर, आणि बंदूक तिच्या वाटेनं फिरती.

नवख्याला मैदानावर आणल्यावर काडतूस कितीतरी उशिरा हातात येतं. आधी बंदूक उघडून नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवतात. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. दोन्ही हातांच्या पंज्यांत छोटी फट ठेवून लांबची वस्तू बघायला सांगतात. एकेक डोळा मिटला की कुठला डोळा प्रबळ ते कळतं आणि त्यावरून बंदूक कुठल्या खांद्याला लावायची ते ठरतं. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा, गाल त्यावर टेकवायचा, वजन पुढच्या पायावर. सैल धरला तर बंदुकीचा धक्का खांदा चांगलाच जाणवून देतो. मग एकच काडतूस, सरळ समोर जाणारी सोपी तबकडी आणि पाठीशी हाताच्या अंतरावर उभा प्रशिक्षक.

ब्रिटनमध्ये विनापरवाना मित्राला असा अनुभव देण्याची वाट १९६८च्या कायद्यातच आहे: पोलिसांनी मान्यता दिलेल्या ठिकाणी आणि वेळी कृत्रिम लक्ष्यावर त्याला शॉटगन चालवता येते. आपल्याकडे ही वाट क्लबमधून जाते. क्लबचं सभासद व्हायचं, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकायचं. तबकड्यांची मोठी मैदानं दिल्ली, पतियाळा, जयपूर, भोपाळ अशी दूर आहेत. याच खेळात बिकानेरचे कर्णी सिंह यांनी १९६२मध्ये जागतिक स्पर्धेचं रौप्य मिळवलं आणि राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४मध्ये अथेन्स ऑलिंपिकचं.

घाटापलीकडची वाट

मग फोंडाघाटातल्या माणसानं काय करायचं? एअर रायफलपासून सुरुवात. ०.१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. सुट्टीला आलेल्या मित्रालाही ती कायद्यानं हातात धरता येते; पण तीही शिकून, रेंजवरच चालवावी. श्वास, पवित्रा, चापावरचं बोट, शिस्त हे सगळं दहा मीटरवर शिकता येतं.

यासाठी आदर्श लांब शोधायला नकोत. देशातल्या नेमबाजी संघटनेची, नॅशनल रायफल असोसिएशनची, स्थापना १९५१ची. तिचे संस्थापक गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांचं घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या नेमबाजांची पायरी आहे. आणि फोंडा घाट चढून गेलात की त्याच राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी लागतं. तिथल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याही कोल्हापूरच्याच.

घाटाच्या वरच्या अंगाला हे घडतं, तर खालच्या अंगाला का नाही? दहा मीटरच्या रेंजला डोंगर लागत नाही. एक लांबट, भक्कम खोली, मागे गोळी अडवणारी भिंत आणि जाणता शिक्षक पुरतो. बंदुका सांभाळणाऱ्या या जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात तशी खोली असायला हवी, आणि ती मागण्याचा पहिला अधिकार परवानाधारक शेतकऱ्यांचा आहे. बंदुकीची जबाबदारी काय असते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?