उन्हाळ्याचा खर्च अचानक येत नाही

रायपूरच्या पुरानी बस्तीतून तुमच्याशी बोलतोय. होळी होऊन आठवडाच झालाय, पण दुपारी गल्ली सामसूम व्हायला लागली आहे. महामाया मंदिराच्या बाजूने येताना आज तीन घरांसमोर कुलर उघडून ठेवलेले दिसले. कुणी जुनी ताटी उपटत होतं, तर कुणी टाकीला रंग देत होतं. म्हणून आजचा विषय घरखर्चाचा, आणि तोही उन्हाळ्यातल्या.

दरवर्षी जून संपता संपता एक वाक्य घरोघरी ऐकू येतं, "यंदा उन्हाळ्यात फारच खर्च झाला हो." ते असं म्हटलं जातं, जणू कुणी पाहुणा न कळवता येऊन बसला. पण विचार करा. लग्नं वैशाखातच असतात, गहू याच दिवसांत येतो, विजेचं बिल मे महिन्यातच फुगतं, मुलांना सुट्ट्याही तेव्हाच लागतात. यातलं आपल्याला आधी माहीत नव्हतं असं काय आहे?

फौजेत शिकलेला पहिला धडा

माझी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेली. साध्या भाषेत सांगायचं तर फौजेचं रेशन, इंधन आणि वाहतूक बघणारं खातं. बंदूक चालवणाऱ्याचं नाव होतं, आमच्या नावाची चर्चा फक्त डाळ पोहोचली नाही तर होते.

लडाखमध्ये हिवाळ्यात बर्फ पडलं की झोजी लाची वाट बंद होते. मग वर असलेल्या जवानांचं रॉकेल, पीठ, डाळ, औषधं हे सगळं उन्हाळ्यात, वाट उघडी असताना चढवून ठेवावं लागतं. ही तयारी दरवर्षी होते. कुणी असं म्हणत नाही की "यंदा अचानक हिवाळा आला." किती माणसं, किती दिवस, दर माणशी किती, एवढा हिशेब मांडायचा आणि वाट बंद होण्याआधी माल पोहोचवायचा.

निवृत्त होऊन मी आजोबांच्या या घरात राहायला आलो, तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं हजारो माणसांचा साठा सांभाळणारा मी घरच्या दोन माणसांचा उन्हाळा मात्र दरवर्षी उधारीवर काढत होतो. मेमध्ये मुदत ठेव मोडायची आणि पावसाळाभर ती भरून काढायची.

आधी कागदावर मांडा

मग एका वर्षी मार्च ते जून रोजचा खर्च वहीत लिहिला. जे महिने साधे जातात, त्यांच्यापेक्षा जास्त किती लागलं तेवढंच वेगळं काढलं. आम्ही घरात दोघं. सुट्टीत मुलीची माणसं येतात. आकडे असे निघाले:

विजेचं वाढीव बिल, 6,000 रुपये.
वर्षाचा गहू, डाळ, तिखट-हळद, 9,000.
लग्नाचे आहेर आणि प्रवास, 14,000.
कुलरची दुरुस्ती, ताट्या, माठ, 2,000.
पाहुणे आणि सुट्टीतली नातवंडं, 5,000.
आंबे, लोणचं, पापड-कुरडया, 4,000.
पावसाआधी छताची आणि पन्हाळीची डागडुजी, 5,000.

बेरीज 45,000. तुमचे आकडे वेगळे असतील. शाळेत जाणारी मुलं असतील तर वह्या-पुस्तकं, गणवेश आणि फी यांची ओळ त्यात येईल, आणि ती बहुधा सगळ्यात मोठी असेल. पण सात-आठ ओळींच्या पलीकडे उन्हाळा जात नाही.

आता हे 45,000 मे महिन्यात एकदम उभे करायचे तर छातीत धस्स होतं. तेच जुलै ते मार्च या नऊ महिन्यांत विभागले तर महिन्याला 5,000 होतात. मी काय करतो, जुलैमध्ये बँकेत नऊ महिन्यांचं आवर्ती खातं उघडतो. पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप जातो. एप्रिलमध्ये ते खातं पुरं होतं आणि व्याजासकट पैसे हातात येतात. व्याज फार नसतं, आणि ते मिळावं म्हणून मी हे करतही नाही. मे महिन्यात कुणापुढे हात पसरावा लागत नाही, ही खरी कमाई.

ज्यांची मिळकत थोडी आहे त्यांनी 500 रुपयांनी सुरुवात करावी. आपल्या आया-मावश्या भिशी लावत, त्यामागचा विचार हाच होता. भिशी लावायची असेल तर ओळखीतली लावा आणि आपला नंबर एप्रिलचा मागून घ्या.

बिलाचे रुपये नको, युनिट बघा

छत्तीसगडमध्ये 2019 च्या मार्चपासून घरगुती ग्राहकांना पहिल्या 400 युनिटवर अर्धं बिल माफ होतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये ती मर्यादा 100 युनिटवर आली, आणि त्याच डिसेंबरपासून 200 वर गेली. म्हणजे पंखे तेवढेच, कुलर तोच, पण बिल वेगळं. महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात, तेलंगणात राहणाऱ्यांचे दर आणि सवलती आणखी निराळ्या. म्हणून गेल्या वर्षीच्या बिलाच्या रुपयांवरून अंदाज बांधू नका. युनिट बघा, आणि चालू दराने गुणा.

युनिट म्हणजे काय, तर 1000 वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. यावरून घरातल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब काढता येतो.

साधा छताचा पंखा साधारण 75 वॅटचा. दिवसाला 18 तास चालला तर महिन्याला 40 युनिट. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, त्याचे 16 युनिट. घरात चार पंखे असतील आणि चारही एवढे चालत असतील तर महिन्याला शंभरेक युनिटांचा फरक पडतो. सगळे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी बदला.

कुलर 200 वॅटचा धरला तर आठ तासांचे महिन्याला 48 युनिट. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात तासाला एक ते दीड युनिट घेतो, म्हणजे तेवढ्याच तासांचे 240 ते 360. आमच्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते, त्यामुळे कुलर छान चालतो. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. दमट हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसती चिकचिक होते. जूनच्या मध्यावर पाऊस आला की कुलरचा उपयोग संपतो, तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

एसी असेल तर 24 वर ठेवा. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 24 वर ठेवून मंद पंखा लावला तर गारवा जास्त वाटतो.

आणखी एक जुना उपाय. स्लॅबच्या घराला एप्रिलच्या सुरुवातीला गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. आजोबांच्या वेळी इथे कवेलूचं छप्पर होतं, ते तापायचं कमी. आम्ही हौसेने स्लॅब टाकला आणि रात्रभर त्याची धग सोसायला लागलो. पांढरा रंग ऊन परतवतो, हे अहमदाबादसारख्या शहराने आपल्या उष्णता आराखड्यात घेतलं आहे. खर्च चुन्याचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा.

माझी चूक

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी हा युनिटांचा हिशेब माझ्या डोक्यात फार भरला. स्वयंपाकघराच्या दारावर मी तक्ता लावला. रोज सकाळी मीटर वाचायचं, आकडा लिहायचा, आणि महिन्याचं लक्ष्य 200 च्या आत. संध्याकाळी मी तक्त्यासमोर उभा राहून शेरे मारत असे. घराची मी बराक करून टाकली होती.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, म्हणजे नवतपा चालू. मी दुपारी बाहेर गेलो की सौ. कुलर बंद करत होती. मला पत्ता नव्हता. आकडा खाली येतोय म्हणून मी खूश. एके दिवशी परत आलो तर ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली. अंग चटका बसावा इतकं तापलेलं, आणि बोलणं असंबद्ध. फौजेत असताना उन्हाने पडलेले जवान मी पाहिले होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. ओल्या चादरीत गुंडाळलं, पंखा लावला आणि शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. दोन रात्री सलाइन. बिल झालं 18,000 च्या वर. त्या महिन्यात विजेत वाचले होते 640 रुपये.

शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, दोनशेच्या आत."

घरी आल्यावर पहिलं काम तो तक्ता फाडण्याचं केलं. तेव्हापासून आमच्याकडे कपातीच्या यादीआधी एक दुसरी यादी होते, कशाला हात लावायचा नाही याची. म्हाताऱ्या माणसांचा आणि लहान मुलांचा दुपारचा गारवा. पिण्याचं पाणी, लिंबू, मीठ-साखर. चालू असलेली औषधं. आणि भांड्याला येणाऱ्या बाईंचा पगार. अक्तीला त्या गावी जातात, सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत. त्यांच्या घरातही उन्हाळाच असतो.

माझी चूक वीज मोजण्यात नव्हती. पैसे आधी बाजूला काढलेले नव्हते, म्हणून मे महिन्यात दिसेल तिथे कात्री चालवली. तयारी असली की कात्री चुकीच्या जागी लागत नाही.

वाचवण्यासारखं पुष्कळ आहे

धान्य. नवा गहू बाजारात येतो तेव्हा भाव उतरलेला असतो. माणशी महिन्याला सहा किलो धरले तर दोघांना वर्षाला दीड क्विंटल पुरतो. पण साठवायला कोरडी जागा नसेल तर चार महिन्यांचाच घ्या, किडलेला स्वस्त गहू सगळ्यात महाग पडतो. कडक ऊन दाखवायचं, गार होऊ द्यायचा, मगच कोठीत भरायचा. आणि जुना आधी संपवायचा, नवा मागे ठेवायचा. आमच्या खात्याचा हा पहिला नियम.

प्रवास. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. 15 मेला आझाद हिंदने पुण्याला किंवा गीतांजलीने मुंबईला निघायचं असेल तर 16 मार्चला सकाळी तिकीट काढायला बसा. हुकलं की तत्काळचा जादा आकार, नाहीतर दुप्पट पैसे देऊन खासगी बस. ज्येष्ठ नागरिकांची सवलत 2020 च्या मार्चमध्ये बंद झाली, तेव्हा पूर्ण भाडं धरूनच हिशेब करा.

आहेर. जानेवारीतच नात्यातल्या लग्नांची यादी करा आणि प्रत्येकापुढे आकडा लिहा. मांडवात उभं राहून ठरवलेला आहेर नेहमी ऐपतीपेक्षा मोठा होतो.

खाणं. बाटलीतल्या सरबतांऐवजी कैरीचं पन्हं, ताक, सातू. छत्तीसगडचा शेतकरी रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खातो, त्याला बासी म्हणतात. आम्ही मराठी माणसं आधी नाकं मुरडायचो. आता मे महिन्यात आमच्या घरी आठवड्यातून दोनदा बासी असते. गॅस वाचतो, पोटही थंड राहतं.

आता काय करायचं

यंदाचं आवर्ती खातं उघडायची वेळ गेली, हे खरं. तरी तीन कामं या आठवड्यात होतात. आपल्या सात-आठ ओळी कागदावर मांडा. गेल्या मे महिन्याचं विजेचं बिल काढून त्यातले युनिट बघा. आणि घरातल्या सगळ्यांना बसवून हात न लावण्याची यादी करा. ती एकट्याने करू नका. मी एकट्याने केली असती तर तिच्यात दुपारचा कुलर आला नसता.

आमच्याकडे यंदाची यादी सौ.च्या अक्षरात आहे. आणि जुलैच्या पहिल्या तारखेला पुढच्या उन्हाळ्याचा पहिला हप्ता जाईल.

पुढच्या भागात भेटू. पाणी पीत राहा. जय हिंद.