चौदाशे वर्षांच्या योग्याचे बळ कशाने मोजावे?

ऑगस्ट २०२३ मध्ये बेल्जियममधील 'लॅरियन' या कंपनीचा 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकावरील खेळ प्रसिद्ध झाला. त्यात गेल नावाचा एक जादूगार आहे. (क्रिकेटमधील गेलशी त्याचा काहीही संबंध नाही.) आपण एके काळी महाजादूगार होतो, जादूची देवता मिस्त्रा हिच्या खास मर्जीतले होतो, असे तो मोठ्या ऐटीत सांगतो. खेळात मात्र तो दाखल होतो तो पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवशिका म्हणून. मग हा गडी खरोखर किती बलवान, यावरून खेळाडूंमध्ये वाद झडतात. कोणी म्हणतो, त्याच्या छातीत रुतून बसलेल्या काळ्या गोळ्याने त्याची शक्ती शोषून घेतली. कोणी म्हणतो, देवतेची मर्जी फिरली आणि मर्जीबरोबर बळही गेले. व्यवहारी मंडळींचे म्हणणे असे, की सर्व पात्रे एकाच पायरीवरून निघाली नाहीत तर खेळात राम राहणार नाही, एवढेच यामागचे खरे कारण!

असा वाद शक्य होतो तो हाताशी मोजपट्टी असल्यामुळे. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळाच्या नियमांवर हा खेळ उभा आहे. त्या नियमांच्या आजच्या रूपात जादूगाराला विसाव्या लेव्हलपर्यंत चढता येते आणि मंत्रांच्या नऊ श्रेणी असतात. संगणकावरील खेळ बाराव्या लेव्हलला थांबतो. तेथवर पोचलेल्या जादूगाराच्या हाती सहाव्या श्रेणीपर्यंतचेच मंत्र येतात. तेव्हा गेल म्हणतो तेवढा मोठा होता की नव्हता, हे आकड्यांवर घासून पाहता येते. मोजपट्टी कोणती धरायची, येथेच सारे भांडण असते.

ही मोजणी आपल्या भागाला मुळीच नवी नाही. रावेर तालुक्याच्या दक्षिणेला तापी वाहते. नदीपलीकडच्या मुक्ताईनगर तालुक्यात, तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे. जुने दगडी मंदिर, संगमाचे विस्तीर्ण पाणी आणि महाशिवरात्रीची मोठी यात्रा यांमुळे ते खानदेशात सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्यांचे नाव गावाने घेतले, त्या चांगदेवांचे सामर्थ्य किती, याची चर्चा मराठी कीर्तनांतून आणि संतचरित्रांतून शतकानुशतके चालत आली आहे. योग्याला खेळातील जादूगाराच्या पंक्तीला बसवणे काहींना रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. एक श्रद्धेचा विषय, दुसरा करमणुकीचा. पण दोन्हीकडे श्रोता विचारतो तो प्रश्न सारखाच आहे, आणि चांगदेवांच्या कथेत त्या प्रश्नाचे पुढे जे होते ते खेळातल्या वादांत सहसा होत नाही.

आधी परंपरेने नोंदवलेले बळ पाहू. महिपतीबुवा ताहराबादकर यांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथामुळे ही कथा घरोघर पोचली. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, असे परंपरा मानते. शंभर वर्षे भरत आली आणि काळ न्यायला आला, की ते प्राण ब्रह्मांडी चढवून समाधीत बसत. काळ हात हलवीत परत जाई, आणि योगी पुन्हा पुढची शंभर वर्षे मोकळा. असे चौदा वेळा घडले. (संगणकावर खेळणाऱ्या मुलांना यात हरण्यापूर्वी 'सेव्ह' करून ठेवलेला डाव आठवेल.) शिवाय चौदाशे शिष्यांचा मेळा, वाहन वाघाचे आणि हातात चाबूक म्हणून जिवंत सर्प. वाघाचे आजच्या शहरी वाचकाला फारसे काही वाटणार नाही. पण मुक्ताईनगर तालुक्यातील डोलारखेडा-वढोद्याच्या जंगलात अलीकडच्या काळापर्यंत वाघाचा वावर नोंदलेला आहे आणि त्यासाठी 'मुक्ताई-भवानी' नावाचे संवर्धन राखीव क्षेत्रही घोषित झाले आहे. ज्यांच्या शिवारात वाघ येतो त्यांना त्याच्या पाठीवर बसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या बळाची मोजपट्टीही आपल्याकडे तयार होती. अणिमा, महिमा, गरिमा, लघिमा, प्राप्ती, प्राकाम्य, ईशित्व आणि वशित्व या अष्टसिद्धी म्हणजे योग्याच्या सामर्थ्याची यादीच होय. इतरांना वश करून घेणे हे वशित्व. चांगदेवांचा वाघ आणि सर्प त्या खात्यात जमा होतात. गंमत अशी, की ज्या शास्त्राने ही यादी दिली त्यानेच तिच्याविषयी सावधही केले आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसरा पाद सिद्धींचे वर्णन करतो आणि त्याच पादात, बाहेरच्या जगात ज्या सिद्धी वाटतात त्या समाधीच्या मार्गातील विघ्ने आहेत, असेही बजावतो.

आता कथेकडे. आळंदीच्या ज्ञानदेवांची कीर्ती चांगदेवांच्या कानी गेली. पत्र लिहावे असे मनात आले, पण मायना काय घालावा? वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने तो मोठा; 'तीर्थरूप' लिहावे, तर हा कालचा पोर. अखेर कोराच कागद पाठवला गेला. तो पाहून मुक्ताबाईने, एवढी वर्षे जगून हे कोरेच राहिले, अशा अर्थाचा शेरा मारला, असे सांगतात. या प्रसंगाकडे विनोद म्हणून पाहिले जाते. पण त्यातील पेच खरा आहे. चौदाशे हा आकडा एका पट्टीवरचा आणि ज्ञान दुसऱ्या पट्टीवरचे. दोन्ही एकदम लावल्या तेव्हा लेखणीच अडली. आयुष्यभर जी मोजपट्टी निर्विवाद होती, ती एका मायन्यापुरतीही पुरली नाही.

पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. चांगदेव वाघावर बसून भेटीला निघाले. ज्ञानदेव भावंडांसह भिंतीवर बसले होते; त्यांनी भिंतीलाच चालायला सांगितले आणि ती चालली. प्रभात कंपनीच्या १९४० सालच्या 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटाने ही भिंत पडद्यावर चालवून दाखवली, आणि आळंदीत ती आजही दाखवली जाते. या कथेतील युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. वाघ हिंस्र असला तरी सजीव. त्याला कान आहेत, भय आहे, भूक आहे. त्याला वश करणे अवघड खरे, पण तेथे आज्ञा ऐकणारे कोणीतरी आहे. भिंतीत ऐकणारे कोणीच नाही. म्हणून जडाला चालवणारा चेतनाला चालवणाऱ्याहून मोठा. खेळाडू वाद घालतात तेव्हा नेमके असेच बोलतात: याचा मंत्र सजीवांवरच चालतो, त्याचा निर्जीवांवरही चालतो, तस्मात् दुसरा वरचढ. अर्थात चांगदेव हरतात ते कमी बळामुळे असे म्हणता येत नाही. समोरच्याने पट्टीच बदलली, आणि बदललेल्या पट्टीवर वाघाला गुण मिळत नाहीत.

हा डाव केवळ आळंदीचा नाही. इतिहासकार सायमन डिग्बी यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात वाघावर बसलेला साधू आणि भिंतीवर बसलेला साधू यांच्या भेटीच्या भारतीय सूफी कथांचा मागोवा घेतला आहे. तेराव्या शतकात अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, होऊन गेलेल्या हाजी बेक्ताश यांच्या चरित्रकथेतही सिंहावर बसून, सर्पाचा चाबूक घेऊन आलेल्या एका सत्पुरुषाला सामोरे जाताना बेक्ताश निर्जीव वाहनावर बसतात आणि वरचढ ठरतात. ज्ञानदेवांचे शतकही तेच. कथा कोणाकडून कोणाकडे गेली याच्या खोलात जाण्याचे हे स्थळ नव्हे. डिग्बी यांचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो: अशा कथा प्रतिष्ठेच्या वाटणीसाठी रचल्या जातात. एका पीठाचा सत्पुरुष दुसऱ्यापेक्षा थोर, हे भक्तांना चटकन पटवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. कोणाचा गुरू किती बलवान यावर शिष्यसंख्या, दान आणि मानपान ठरत असत. तेव्हा हा वाद निव्वळ फावल्या वेळचा नव्हता, आणि चमत्कारांच्या दाव्यांवर आजही ज्यांची दुकाने चालतात त्यांच्यासाठी तो अजूनही तसा नाही.

आणि येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या, म्हणजेच 'चांगदेव पासष्टी', आज आपल्यापुढे आहेत. त्यांत वाघ नाही. भिंत नाही. चौदाशे वर्षेही नाहीत. चांगदेवांना उद्देशून, अतिशय आपुलकीने, एकच गोष्ट निरनिराळ्या दृष्टान्तांनी सांगितली आहे: पाहणारा आणि जे पाहिले जाते ते दोन नव्हेत. सोने दागिन्यांत वाटले गेले तरी सोनेच राहते. पाणी लाटांत वाटले गेले तरी पाणीच. आरशात मुख दिसते म्हणून मुखे दोन होत नाहीत. शेवटाकडे एक दृष्टान्त असा येतो, की तो आपल्या विषयासाठीच योजला आहे की काय असे वाटावे. पाण्याची खोली किती, हे पाहायला मीठ पाण्यात उतरले. ते स्वतःच उरले नाही. मग माप घेणार कोण?

म्हणजे मूळ पत्रात तुलनेलाच जागा नाही. तुझ्यापेक्षा मी मोठा, असे ज्ञानदेव कोठेही म्हणत नाहीत. दोघांच्या भेटीत दोघेपणच उरत नाही, असे म्हणतात. भिंतीची कथा मात्र पुन्हा शर्यतीत उतरते. प्रस्तुत लेखकाच्या मते पासष्टी आणि भिंत ही एकाच पेचाची दोन उत्तरे आहेत, आणि त्यांत पासष्टीचे उत्तर अधिक धीट आहे. लोकांच्या ओठी भिंत राहिली यात नवल नाही. मोजणी थांबवा, असे सांगणारी कथा रंगवून सांगणे फार कठीण. कीर्तनात मृदंगाची थाप भिंत हलते तेव्हाच पडणार!

राहिला प्रश्न त्या चौदाशे वर्षांचा. इतिहासाच्या अंगाने पाहता यादवकाळात चांगदेव हे नाव एकट्याचे नव्हते. हरिश्चंद्रगडाशी जोडलेले 'तत्त्वसार'कर्ते चांगा वटेश्वर त्या काळचे. महानुभाव परंपरेतील पंचकृष्णांपैकी चांगदेव राऊळ हे वेगळे. त्यांनी एक देह सोडून दुसऱ्या मृत देहात प्रवेश केला आणि तेच चक्रधर झाले, अशी त्या पंथाची धारणा आहे. आपल्या जिल्ह्यातलेच आणखी एक नाव घेता येईल. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील, शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७च्या सुमाराच्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव भेटतो. तो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापन केला. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

एकाच नावाच्या अनेक व्यक्तींच्या आठवणी पिढ्यांमागून पिढ्या एकात मिसळत गेल्या आणि त्यातून एकाच योग्याचे दीर्घायुष्य घडले, असा तर्क अभ्यासक करतात. तो पटण्यासारखा आहे. एक देह सोडून दुसरा धारण करणाऱ्याची कथा आणि मरण चुकवून पुन्हा जगणाऱ्याची कथा यांत अंतर ते किती? या तर्काने चांगदेव लहान होत नाहीत. उलट एका नावाने किती निरनिराळ्या विद्या, म्हणजे योग, तत्त्वज्ञान, ज्योतिष, या प्रदेशाने सांभाळल्या, याचा तो पुरावा ठरतो.

बळाच्या हिशेबात सहसा न धरला जाणारा शेवटचा भाग खानदेशाच्या वाट्याचा आहे. परंपरेनुसार चांगदेवांना अखेर बोध झाला तो मुक्ताबाईकडून. वय जेमतेम सोळा-सतरा असेल अशा मुलीला या वयोवृद्ध योग्याने गुरू मानले. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीत समाधी घेतली. पुढच्या वर्षी, तापीकाठी मेहूण येथे, विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, असे मानतात. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले ते त्यांच्याच नावावरून. चांगदेवांची समाधी गोदावरीकाठच्या पुणतांब्याला दाखवली जाते. संगमावरच्या गावाने मात्र त्यांचे नाव राखले. आळंदीच्या कथेत ते वाघावरून खाली उतरलेले पाहुणे आहेत, येथे ते यजमान. महाशिवरात्रीला संगमावर स्नान करून चांगदेवांच्या दर्शनाला येणारा रावेर-यावलचा यात्रेकरू तेथून मुक्ताईच्या दर्शनालाही जातो. दोघांत थोर कोण, असे त्याला विचारले तर तो आधी तुमच्याकडे चमकून पाहील आणि मग रांगेत पुढे सरकायला सांगेल.