खाडीवरचे पाहुणे

पावसाळा संपत आला, की मुंबईतील शिवडीच्या खाडीवर दूरदूरचे पाहुणे येऊ लागतात. हे पाहुणे म्हणजे पक्षी. चिखल्या, तुतवार, कुरव अशी त्यांची नावे आहेत. काही पक्षी लडाख व तिबेटमधून येतात, तर काही हजारो किलोमीटर दूर असलेल्या सायबेरियातून!

तिकडे हिवाळ्यात पाणी व जमीन गोठते. खायला काही मिळत नाही. म्हणून हे पक्षी दक्षिणेकडे येतात. खाडीचा चिखल आपल्याला घाण वाटतो. पण त्यांच्यासाठी ते भरलेले ताट असते. चिखलात किडे, शिंपले व लहान खेकडे असतात. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे किडे टिपतो. लांब चोचीचे पक्षी खोलवरचे भक्ष्य ओढून काढतात.

भरतीच्या वेळी हा चिखल पाण्याखाली जातो. ओहोटी सुरू झाली, की पक्षी तेथे उतरतात. तेव्हा दूर, शांत उभे राहून त्यांना पाहावे.

पक्ष्यांचा प्रवास कसा कळतो? त्यांच्या पायात क्रमांकाचे हलके कडे घालतात व त्यांना सोडून देतात. तो पक्षी दुसरीकडे सापडला, की त्याची वाट समजते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम करते. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांनी याच संस्थेत काम केले.

मुलांनो, खाडीत कचरा व भराव टाकला, तर हे ताटच नाहीसे होईल. मग थकून आलेल्या पाहुण्यांनी कोठे जावे?