कारा समुद्र
आर्क्टिक महासागराचा सायबीरियाच्या वायव्य किनाऱ्यालगतचा भाग. क्षेत्रफळ सु. ८,८०,००० चौ. किमी.; कमाल खोली सु. ६२० मी. याच्या पश्चिमेस नॉव्हाया झेमल्या बेटे व त्यांपलीकडे बॅरेंट्स समुद्र, वायव्येस फ्रान्झ जोझेफ लँड, पूर्वेस सेव्हर्नाया झेमल्या बेटे आणि दक्षिणेस रशियाची मुख्य भूमी आहे. कारा व यूगॉर्स्की शार या सामुद्रधुन्यांनी तो बॅरेंट्स समुद्राशी, तर व्हिल्कित्स्की सामुद्रधुनीने लॅपटेव्ह समुद्राशी जोडलेला आहे. दक्षिणेकडील कारा नदीवरून यास हे नाव मिळाले.

हा समुद्र बहुतांशी समुद्रबूड जमिनीवर पसरला असल्याने उथळ आहे. दक्षिण व पूर्व भागांत खोली पुष्कळ ठिकाणी ५० मी.हून कमी आढळते. उत्तरेकडील सेंट ॲना व नॉव्हाया झेमल्यालगतचा असे दोन पट्टे मात्र बरेच खोल आहेत.

अटलांटिकवरून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे बॅरेंट्स समुद्राचा दक्षिण भाग हिवाळ्यातही गोठत नाही. नॉव्हाया झेमल्याच्या लांब भिंतीमुळे हे पाणी कारा समुद्रात फारसे पोहोचत नाही. म्हणून वर्षातील बहुतेक महिने तो बर्फाच्छादित असतो. हिवाळ्यात हवेचे तपमान −४०° से. च्याही खाली जाते. येनिसे, ऑब इ. नद्या दरवर्षी सु. १,२०० घ. किमी. गोडे पाणी यात आणतात. ते सर्वत्र सारखे पसरले, तर त्याचा थर सु. १.४ मी. जाडीचा होईल. हे हलके पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते व शरद ऋतूत लवकर गोठते. उलट, उन्हाळ्याच्या आरंभी नद्यांच्या पुराने मुखांजवळचे बर्फ आधी वितळते. मुखांजवळ लवणता अत्यल्प, तर उत्तरेस ती दर हजारी सु. ३४ असते.

ईशान्य मार्गाच्या शोधात निघालेला इंग्रज नाविक स्टीव्हन बरो १५५६ मध्ये या समुद्राच्या तोंडाशी पोहोचला; पण बर्फामुळे त्यास परतावे लागले. डच नाविक व्हिलेम बॅरेंट्स याने १५९६–९७ चा हिवाळा नॉव्हाया झेमल्याच्या ईशान्य किनाऱ्यावर काढला. परतीच्या वाटेवर तो मरण पावला. १८७८ मध्ये नूर्डेनशल्डचे ‘व्हेगा’ जहाज हा समुद्र ओलांडून पूर्वेस गेले. १९१२ मध्ये ‘सेंट ॲना’ हे रशियन जहाज यामाल द्वीपकल्पाजवळ बर्फात अडकून उत्तरेकडे वाहत गेले. १९१४ मध्ये ते सोडून पायी निघालेल्यांपैकी दोघेच वाचले. मात्र जहाजाच्या मार्गाच्या नोंदी त्यांच्यामुळे हाती आल्या. त्या मार्गातील, वाऱ्याच्या दिशेशी न जुळणाऱ्या वळणावरून व्ह्लद्यीमिर व्हीझ या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये तेथे अज्ञात भूमी असावी, असे अनुमान काढले. १९३० मध्ये ‘ग्योर्गी सेडॉव्ह’ या बर्फफोड्या जहाजावरून ते बेट प्रत्यक्ष आढळले. स्वतः व्हीझ त्या जहाजावर होता; बेटास त्याचेच नाव देण्यात आले.

येथे सील, वॉलरस, पांढरी अस्वले व बेलुगा देवमासे आढळतात. डिक्सन हे मुख्य बंदर असून येनिसेवरील दूदिंका बंदराशी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बर्फफोड्या जहाजांच्या साहाय्याने हिवाळ्यातही वाहतूक चालते. ऑबच्या आखातावरील साबेत्ता येथून २०१७ पासून यामालचा द्रवरूप नैसर्गिक वायू निर्यात होतो.

सोव्हिएट काळात नॉव्हाया झेमल्याच्या पूर्व किनाऱ्यावरील उथळ खाड्यांत किरणोत्सर्गी कचऱ्याची हजारो पात्रे, जुन्या अणुभट्ट्या व ‘के-२७’ ही पाणबुडी बुडविण्यात आली. काही भट्ट्यांत इंधनही शिल्लक होते. १९९० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय पाहणीत गळती अल्प व स्थानिक आढळली. तथापि धातूची आवरणे कालांतराने गंजणार असल्याने त्यांवर लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते. बर्फाचे प्रमाण घटून जलवाहतूक वाढत असताना या प्रश्नाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.