मोडेम निवडताना: वेगाच्या आकड्याआधी काय पाहावे

टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झच्या बाहेरचा आवाज टेलिफोनच्या जाळ्यातून पुढे जातच नाही. डायल-अप मोडेम संगणकाची माहिती या अरुंद पट्ट्यात बसणाऱ्या ध्वनीत बदलतो आणि पलीकडून आलेल्या ध्वनीतून माहिती पुन्हा वेगळी काढतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केल्यावर घरोघरी प्रश्न आला, की मोडेम कोणता घ्यावा? पुढे खोक्यावरचा ‘५६ के’ हा आकडा पाहून खरेदी होऊ लागली. पण मोडेम संगणकाशी जुळेल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ध्वनी घडवण्याचे काम मोडेम स्वतः करतो की संगणकाकडून करवून घेतो, यावर ते ठरते.

सिरियल पोर्टला जोडायच्या बाह्य मोडेममध्ये हे काम करणाऱ्या चिप आतच असतात. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून रूढ झालेल्या ‘एटी’ आज्ञा त्याला कळतात, त्यामुळे विंडोज, लिनक्स वा मॅकिंटॉश, कोणाशीही तो बोलू शकतो. याउलट, ‘विनमोडेम’ म्हणून विकल्या गेलेल्या आतल्या कार्डावर चिप कमी. उरलेला भार ड्रायव्हर प्रोसेसरवर टाकतो. ड्रायव्हर नसेल, तर कार्ड निरुपयोगी.

विनमोडेम बराच स्वस्त पडे आणि वेगवान प्रोसेसरला तो भार जाणवत नसे, हा बाह्य मोडेमवरचा आक्षेप खरा होता. शिवाय बाह्य मोडेमला वेगळा अडॅप्टर लागे, आणि जुन्या संगणकाच्या पोर्टमागे १६५५० ही चिप नसेल तर जलद येणारे बाइट हरवत. तरीही विंडोजची आवृत्ती बदलली आणि उत्पादकाने नवा ड्रायव्हर दिला नाही, तर वाचवलेले पैसे वाया जात.

वेगाचेही तसेच, नुसत्या आकड्यावरून तो कळत नसे. ‘५६ के’च्या एक्स२ आणि के५६फ्लेक्स या दोन पद्धती एकमेकींना समजत नसत. १९९८ मध्ये व्ही.९० हे समान मानक आले. तेही सेवादात्याकडे असले आणि लाइन स्वच्छ असली तरच उपयोगी पडे. त्या मानकात अपलोड तर सेकंदाला ३३.६ किलोबिटांपुढे जात नसे. म्हणून त्या काळी शहाणपण असे: आधी सेवादात्याचे मानक विचारावे, मग संगणकाचे पोर्ट तपासावे आणि परवडत असेल तर स्वतःचे काम स्वतः करणारा बाह्य मोडेमच घ्यावा.